तिसरं विधान

आमच्या घरात दिवा कधी विझला नाही. तो 'शांत' व्हायचा. आईच्या हातातली बांगडी फुटायची नाही, ती 'वाढायची'. कुंकवाची डबी रिकामी झाली तरी कुंकू संपलं असं म्हणायचं नाही, कुंकू 'वाढलं'. सकाळी आप्पा घरातून निघायचे ते 'येतो' म्हणून. अशी बोलायची रीत तेव्हा पुष्कळ घरांत होती, तिचा कुणी फारसा विचार करत नसे. आमच्याकडे मात्र तिला पहाऱ्याचं रूप आलं होतं. एखादा नको तो शब्द चुकून उंबऱ्याच्या आत आला की आई ज्या नजरेनं बघायची, त्या नजरेला मी आप्पांच्या रागापेक्षा जास्त घाबरायचे. याचं कारण आप्पांचं काम. वाघोलीच्या बाजूला दगडाच्या खाणी होत्या आणि त्यांतल्या एका खाणीत आप्पा सुरुंग लावायचे.

आम्ही बिबवेवाडीत दोन खोल्यांत राहायचो. आप्पा, आई आणि मी. खालच्या मजल्यावर पत्र्याच्या पेट्या बनवणारा कारखाना होता, त्यामुळे दिवसभर हातोडीचे ठोके चालू असत. वरती आईच्या भाकरीची थाप, स्टोव्हची घरघर, आणि संध्याकाळी आप्पा आले की मोरीतून येणारा पाण्याचा आवाज. ते बराच वेळ अंगावर पाणी घेत. कानांच्या पाळ्यांमागे, भुवयांत, नखांखाली दगडाची राखाडी भुकटी बसलेली असे. सुरुंगाच्या दारूच्या कांड्या हाताळून त्यांचं डोकं दुखायचं. आई त्यांना आधी गुळाचा खडा द्यायची, मग कोरा चहा, आणि ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचे. त्या वेळी बोलायचं नाही. त्यांची डोकेदुखी उतरेपर्यंत आई मुगाची आमटी उकळत ठेवायची, लसूण-शेंगदाण्याची चटणी कुटायची, आणि ते ताटावर बसल्याशिवाय स्वतः पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाही. आप्पांना यायला उशीर झाला की ती भाकरी करायची थांबायची, पण तवा उतरवायची नाही. रिकामा तवा नुसता तापत राहायचा. तापलेल्या लोखंडाचा तो वास आजही कुठे आला तर मी आधी दाराकडे बघते.

मी आता वारज्याला राहते. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही जण जमतो. निवृत्त मास्तर, बँकेतून बाहेर पडलेले गृहस्थ, आयटीतल्या एक-दोन मुली. तत्त्वज्ञानाशी कधीच ओळख नव्हती आणि आता करून घ्यायची आहे, अशी ही मंडळी. परवा त्यांतली एक मुलगी म्हणाली, "मॅम, बिगिनर्ससाठी स्टार्टिंग पॉइंट काय? म्हणजे तुम्ही कुठून सुरू केलंत?" मी एका जाड पुस्तकाचं नाव सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर हॉलमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहिते आहे.

अकरावीला आर्ट्सला गेले तेव्हा तर्कशास्त्र हा विषय मी घेतला, कारण प्रवेशाच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "यात गणित नाही." एवढ्या पुण्याईवर मी त्या वर्गात जाऊन बसले. शिकवायला दामले बाई होत्या. बुटक्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, सगळ्यांना अहो-जाहो करणाऱ्या. त्यांच्या अहो-जाहोत माया नव्हती, अंतर होतं. उशिरा येणाऱ्याला त्या म्हणत, "आपण आलात, उपकार झाले. आता दार लावून घ्या, बाहेरून लावलंत तरी चालेल." पहिल्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं: सर्व माणसे मर्त्य आहेत. मग वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"आपलं नाव?"

"मंदा."

त्यांनी खाली लिहिलं: मंदा माणूस आहे. "हे मान्य आहे ना? का शंका आहे?" वर्ग हसला. मी मान हलवली.

"मग तिसरं विधान सांगा."

मला 'मर्त्य' शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. मी विचारला. बाई म्हणाल्या, "मरणारा." त्या शब्दावर त्यांचा आवाज जराही बदलला नाही. भाजीचा भाव सांगावा तसा त्यांनी तो शब्द सांगितला. मी उभी राहिले, "म्हणून मंदा..." इथपर्यंत आले, आणि पुढे माझ्या तोंडून शब्द फुटेना. हा शब्द मी उच्चारलाच नव्हता कधी. तोंडात त्याला जागाच नव्हती. मुलं आणखी हसली. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पहिली दोन विधानं आपण मान्य केलीत. आता तिसरं आपल्या हातात नाही. आपण ते म्हटलंत काय, न म्हटलंत काय." त्यांनी स्वतःच ते लिहिलं, तास संपल्यावर डस्टर घेतलं आणि फळा पुसायला सुरुवात केली. माझं नाव आधी पुसलं गेलं. 'माणूस आहे' एवढंच थोडा वेळ उरलं.

त्या दिवशी मी बसने घरी आले तेव्हा जग जसंच्या तसं होतं आणि तरीही मला त्यात कुठे पाय ठेवावा हे कळेना. कंडक्टरने तिकीट फाडलं. कंडक्टर माणूस आहे. पुढच्या सीटवर बाळाला थोपटणारी बाई. बाळ माणूस आहे. प्रत्येक चेहऱ्याला ते वाक्य चपखल बसत होतं आणि बसल्यावर निघत नव्हतं. मला मरण ठाऊक नव्हतं असं नाही. शेजारी, नात्यात माणसं गेली होती. पण ती 'गेली' होती, 'देवाला आवडली' होती. त्यात कुठेतरी एक दार होतं, पलीकडे कुणीतरी होतं. बाईंच्या वाक्याला दार नव्हतं. अंघोळ करताना छातीवर हात गेला आणि आत ठोके लागले तर मी हात काढून घ्यायचे. आरशात बघायचं टाळायचे. मी नसेन तेव्हा हे सगळं कोण बघत असेल? आणि मी जन्मायच्या आधी मी कुठे होते, तेव्हा मला भीती का वाटत नव्हती? असले प्रश्न मला भर दुपारी, खालच्या हातोडीच्या ठोक्यांत पडायचे आणि घाम फुटायचा. याला तत्त्वज्ञान म्हणतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मला काहीतरी रोग झालाय.

पण सगळ्यांत मोठी भीती माझी नव्हती. ते वाक्य मी ज्या नावाला लावायचं टाळत होते, त्या नावाची होती. आप्पा माणूस आहेत. मी रोज इथपर्यंत यायचे आणि थांबायचे. बाईंचा नियम मला पाठ होता: पहिली दोन मान्य केली की तिसरं आपल्या हातात नाही. मग आप्पांना वाचवायचं तर पहिल्या दोनांतलं एक तरी मोडायला हवं. दुसरं मोडण्यासारखं नव्हतं. मी पहिल्याच्या मागे लागले. काही दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, आणि एके दिवशी वर्गात बसल्या बसल्या मला ते सापडलं. 'सर्व' माणसे. सर्व कुणी बघितली आहेत? जी आज जिवंत आहेत ती तर अजून मेलेली नाहीत. मग 'सर्व' कसं म्हणता येईल? मला इतका आनंद झाला की तास संपायची वाट बघणं अवघड झालं. बाईंना विचारायचं धाडस झालं नाही. मी तडक घरी आले आणि संध्याकाळी, आप्पांची डोकेदुखी उतरून ते ताटावर बसले तेव्हा मी म्हणाले,

"आप्पा, तुम्ही माणूस आहात ना?"

"मग काय बैल हाय?" आप्पा हसले. त्या दिवशी ते खुशीत होते.

"कॉलेजात शिकवतात की सर्व माणसं मर्त्य आहेत. मर्त्य म्हणजे..." मी तो शब्द म्हणाले. त्या घरात पहिल्यांदा. "पण ते सिद्ध झालेलं नाही. तुमचं अजून तपासायचं राहिलंय. तुम्ही जिवंत आहात म्हणजे 'सर्व' म्हणताच येत नाही, म्हणून तुम्ही..."

आईचा हात माझ्या तोंडावर आदळला. मारायला उचललेला होता की तोंड दाबायला, तिलाही कळलं नसावं. ओठ दातावर आपटून रक्त आलं. तिने माझं बोलणं ऐकलंच नव्हतं. आप्पांचं नाव आणि तो शब्द एका दमात आलेले, एवढंच तिच्या कानांनी टिपलं होतं. "कुणी शिकवलं तुला असलं? कोण ती बाई?" मीठ-मोहऱ्या उतरवून तिने स्टोव्हवरच्या तव्यावर टाकल्या, घरभर ठसका झाला. आप्पा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. पोरीच्या तोंडचं म्हणून त्यांनी ते हसण्यावारी न्यावं असं मला फार वाटत होतं. ते उठले ते मला आवडलं नाही. म्हणजे त्यांनाही भीती वाटली होती.

दुसऱ्या दिवशी आईने त्यांना कामावर जाऊ दिलं नाही. दारात आडवी उभी राहिली. आप्पा म्हणाले, "मालक बोंब मारंल. तिथं नवं पोरगं हाय, त्याला काय येतंय?" आई म्हणाली, "आजच्या दिवस न्हाई. माझ्या गळ्याची आन हाय." आप्पा दिवसभर खिडकीशी बसून राहिले, आणि खाणीत त्या दिवशी सुरुंग लावले त्या नव्या पोराने. तिसऱ्या दिवशी आप्पा 'येतो' म्हणून निघाले, आणि संध्याकाळ झाली तरी आले नाहीत.

खालचा कारखाना बंद झाला, ठोके थांबले, आणि आमच्या खोलीत अशी शांतता पसरली की स्टोव्हची घरघर कानाला टोचू लागली. आई तव्यासमोर बसून होती. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. तिने एकदाच माझ्याकडे मान वळवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तू का बोललीस गं?" त्यापेक्षा तिने मला मारलं असतं तर बरं होतं. मी उठले, चप्पल पायात घातली न घातली आणि खाली उतरले. कुठे जायचं हे मला निघाल्यावर कळलं. दामले बाई मार्केट यार्डाच्या पलीकडे राहायच्या. एकाच बसने आम्ही यायचो, म्हणून मला त्यांचा जिना माहीत होता. गाळ्यांपाशी कांद्याची पोती उतरत होती, माणसं ओरडत होती, आणि मी त्या सगळ्यांमधून एकच गोष्ट म्हणत पळत होते: म्हटल्याने होतं का? म्हटल्याने होतं का?

बाईंनी दार उघडलं. मला बघून कपाळावर आठी पडली. "दार वाजवलंत. आता बोला."

"बाई, एखादं विधान म्हटलं तर ते... खरं होतं का?"

"विधान खरं असतं किंवा खोटं असतं. म्हटल्याने होत नाही." मग त्यांना माझा फुटलेला ओठ दिसला. "काय झालं?"

मी सगळं सांगितलं. खाण, आप्पा, ताटावर केलेला युक्तिवाद, 'सर्व'. बाई ऐकत उभ्या होत्या. मी थांबले तेव्हा म्हणाल्या, "'सर्व'बद्दलची आपली शंका चांगली आहे. फार मोठी माणसं तिथे अडली आहेत. पण ती वेळ ही नव्हे." नंतर त्यांनी मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं. कॉटवर एक अगदी म्हातारे गृहस्थ झोपले होते. बाई आत गेल्या, त्यांच्या तोंडाशी कान नेला, क्षणभर तशाच वाकून राहिल्या आणि परत आल्या. "माझे वडील. दर थोड्या वेळाने मी श्वास बघते. दहा वर्षं तर्कशास्त्र शिकवतेय, तरी बघायचं थांबत नाही." हे त्या माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, ते समजलं नाही. शेजारच्या बाईंना वडिलांजवळ बसवून त्यांनी पायांत चप्पल सरकवली. "चला. आपल्या आईंना एकटं ठेवू नये."

आईने त्यांना ओळखण्याचं काही कारण नव्हतं, पण ओळखलं. "तुमीच का त्या?"

"हो. मीच."

"तुमच्या त्या शास्त्रात घरवाल्याची वाट बघायचं काय लिवलंय?"

मला वाटलं, आता बाई काहीतरी खोचक बोलणार. त्या खाली जमिनीवर बसल्या. "काही नाही लिहिलेलं," त्या म्हणाल्या. "त्यात एवढंच आहे की हे होणार. कधी, ते नाही. आणि कसं सोसायचं, तेही नाही."

"मग शिकवता कशाला पोरांना?"

"न शिकवून टळत असतं तर नसतं शिकवलं," बाई म्हणाल्या, आणि आईच्या हातावर हात ठेवायला गेल्या. आईने हात मागे घेतला. त्या दोघी स्टोव्हच्या दोन बाजूंना बसल्या आणि मी दारात. रस्त्यावरून ट्रक गेला की तिघींच्याही माना एकदम वळायच्या. देवाचं नाव कुणी घेतलं नाही. वाईट तर कुणी काहीच बोललं नाही. त्या बसण्यात मला जी भीती वाटली तेवढी पुढे आयुष्यात कधी वाटली नाही, आणि पुढे माझ्यावर काही कमी प्रसंग आले नाहीत.

दिवेलागण होऊन गेली तेव्हा दगडाचा एक ट्रक खाली थांबला आणि आप्पा उतरले. चालत जिना चढून आले. आईने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, हात पाहिले, बोटं मोजावीत तशी चाचपली, आणि मग जमिनीवर बसून तिने जो हंबरडा फोडला तो ऐकून शेजारची माणसं धावत आली. बातमी काही और आहे असंच त्यांना वाटलं.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी नव्या पोराने सुरुंग लावले, पण किती लावले आणि किती उडाले याचा मेळ घातला नाही. एक दगडात तसाच राहिला होता. आप्पा सकाळी खडकावर चढले आणि त्यांना ते भोक दिसलं. दारू भरलेली, वात जळून गेलेली. त्यांनी सगळ्यांना लांब पिटाळलं. अशा वेळी बाजूला थोड्या अंतरावर दुसरं भोक पाडून, त्यात दारू भरून दोन्ही एकदम उडवावी लागते. पाडताना यंत्राची थरथर खडकातून कुठवर जाईल ते कुणी सांगू शकत नाही. ते काम दुसऱ्या कुणाला द्यायची आप्पांची तयारी नव्हती. नंतर फुटलेल्या दगडांत न जळलेली कांडी राहिली नाही ना, ते एकेक दगड उलटून बघता बघता दिवस मावळला.

आप्पा हे सांगत होते तेव्हा दामले बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी निघायची घाई केली नाही. आप्पांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. आईकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आज वाटलं, मेलो मी."

मी आईकडे पाहिलं. ती झटकन तोंड दाबायला उठेल, मीठ-मोहऱ्या आणेल, असं मला वाटलं. ती तशीच बसून राहिली. आप्पाच पुढे म्हणाले, "रोजच वाटतं. वात पेटवून पळताना रोज. तुला कसं सांगायचं? घरात तो शब्दच चालत न्हाई. इतकी वर्सं एकटाच घाबरतोय."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटतं, एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाई दारापर्यंत गेल्या, मला म्हणाल्या, "उद्या तास आहे. या." आणि मग, जिन्यावरून, पहिल्यांदाच एकेरीत, "ओठाला हळद लाव गं."

आप्पा पुढच्या दिवशी खाणीवर गेले. दुसरं पोट भरायचं साधन नव्हतं आणि ते त्यांना येत होतं. पुढेही बरीच वर्षं ते गेले, आणि शेवटी म्हातारे होऊन घरी, अंथरुणात, खोकल्याने गेले. मेले, असं लिहिते. त्यांना ते आवडलं असतं. त्या खाणीत आता पाणी साचलंय आणि भोवती उंच इमारती आहेत. इमारतींच्या जाहिरातीत त्या पाण्याला तळं म्हणतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळनंतर थोड्याच दिवसांनी आलेल्या एका दुपारचं. आई तांदूळ निवडत होती, मी शेजारी पुस्तक घेऊन बसले होते. माझी भीती गेली नव्हती, तरी मी एकही तास चुकवत नव्हते. आई सुपातून मान वर न करता म्हणाली, "मंदे, एक इचारू का? रागावू नको."

"विचार."

"माणूस मेल्यावर..." ती त्या शब्दावर अडखळली, पण थांबली नाही. "आमी दोघं मेल्यावर तुला आमची आठवण येईल. मंजी आमी तुझ्यात असू. मग तू बी मेल्यावर आमी कुटं असू?"

मी पुस्तक बंद केलं. त्या रविवारच्या हॉलमध्ये याहून अवघड प्रश्न अजून कुणी मला विचारलेला नाही. मी म्हणाले, "माहीत नाही, आई."

"तुझ्या बाईंना ठावं असंल?"

"त्यांनाही नसेल."

तिने थोडा वेळ तांदूळ चाळले. "तुला भ्या वाटतं का गं?"

"वाटतं."

"मला बी." तिने सूप खाली ठेवलं, पदराने हात पुसले आणि माझ्याकडे सरकून बसली. "वाच की मग. मोठ्यानं वाच. काय काय लिवलंय त्यात?"